जीएनएमच्या मुलींना कॉम्प्युटरवर काय शिकवावं आणि काय वॉर्डातच शिकवावं

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या गावातलं जीएनएम स्कूल (नर्सिंगच्या डिप्लोमाचं), वर्गात 40 विद्यार्थिनी, लॅबमध्ये 12 कॉम्प्युटर, दुपारी नेट जातं, आणि संस्था एक तयार ई-लर्निंग पॅकेज विकत घ्यायच्या विचारात आहे. कॉम्प्युटरवर मुली खरंच नर्सिंग शिकतात का, आणि शिकत असतील तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. शिवाय जाता जाता एक वाक्य लिहिलंय: "पॅकेज आलं की एक ट्यूटर कमी चालेल, असं वरून सांगितलं जातंय." मला वाटतं तुमचा खरा प्रश्न त्या वाक्यात आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

मी 23 वर्षं नर्सिंग शिकवते आहे, आधी जीएनएमला आणि आता बीएस्सीला. त्याआधी सहा वर्षं मेडिसिन वॉर्ड आणि लेबर रूममध्ये स्टाफ म्हणून काढली. कॉम्प्युटरवर शिकवायला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि मी स्वतः रोज तसं शिकवते. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. कॉम्प्युटर ट्यूटरचा वर्गातला तास वाचवतो. तो वाचलेला तास वॉर्डात मुलीच्या शेजारी उभं राहण्यात गेला, तर मुली चांगल्या तयार होतात. तो तास ट्यूटरची एक जागा कमी करण्यात गेला, तर पॅकेज कितीही महागाचं असो, मुली कच्च्याच राहतात. दोन्ही प्रकार मी जवळून पाहिले आहेत.

आधी एक गोंधळ दूर करू. कॉम्प्युटर शिकवणं आणि कॉम्प्युटरवर नर्सिंग शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आता अभ्यासक्रमातच आहे. बीएस्सीचा 2021-22 पासूनचा सेमिस्टर पद्धतीचा अभ्यासक्रम बघा, दुसऱ्या सेमिस्टरला हेल्थ इन्फर्मेटिक्स आणि टेक्नॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे. त्याची गरजही आहे. रुग्णालयात नोंदणी, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा साठा हे सगळं सॉफ्टवेअरवर चाललंय, आणि कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे गावात प्रत्यक्ष काम शिकायला, मुली उपकेंद्रात जातात तेव्हा तिथल्या एएनएम ताई टॅबवर अनमोल ॲपमध्ये गरोदर मातांच्या नोंदी करताना दिसतात. तो विषय तुम्ही शिकवालच. तुमचा प्रश्न दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

आमची सुरुवात फसली होती, ती आधी सांगते. मी तेव्हा ज्या संस्थेत होते तिथे तयार पॅकेज आलं. प्रत्येक विषयाचे धडे, छान आवाज, रंगीत चित्रं, शेवटी दहा प्रश्न. मुली बसल्या आणि महिन्याभरात सगळ्यांचे गुण 90च्या वर. आम्ही खूश झालो. मग एके दिवशी मी मागे उभी राहून पाहिलं. मुली धडा न वाचता "पुढे, पुढे" दाबत शेवटपर्यंत जात होत्या. उत्तर चुकलं की पॅकेज बरोबर उत्तर दाखवायचं, ते वहीत लिहायचं, परत सुरुवात, आणि दुसऱ्या फेरीत दहापैकी दहा. दहा प्रश्न कायम तेच. वही वर्गभर फिरत होती. मुलींना मी रागावले नाही. पडद्याने त्यांच्याकडून बटण दाबण्यापलीकडे काही मागितलंच नव्हतं.

त्या अनुभवानंतर मी कोणतंही साहित्य आलं की आधी एवढंच बघते: इथे मुलीला डोकं लावून काहीतरी ठरवावं लागतं का? ही कल्पना नवी नाही. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची कॉम्प्युटरवर शिकवण्याची यंत्रणा होती. मेरीॲन बिट्झर या परिचारिकेने तिच्यावर नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी हृदयरोगाच्या रुग्णाचा पाठ बसवला. त्यात विद्यार्थिनीला माहिती वाचून दाखवली जात नव्हती. तिने स्वतः यंत्राला विचारायचं, रुग्णाबद्दलची माहिती शोधायची आणि उत्तरापर्यंत पोचायचं. साठ वर्षांपूर्वीच्या त्या पाठात जे होतं, ते आमच्या रंगीत पॅकेजात नव्हतं.

आता कॉम्प्युटर कुठे खरोखर कामाचा आहे ते सांगते. ज्या गोष्टीचं उत्तर ठाम आहे आणि जी हातात बसायला पन्नास वेळा करावी लागते, तिथे तो माझ्यापेक्षा चांगला शिक्षक आहे. औषधांचं गणित हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. फळ्यावर मी एका तासात सहा गणितं सोडवते. पहिल्या बाकावरच्या चौघी उत्तर देतात, बाकीच्या उतरवून घेतात. कॉम्प्युटरवर प्रत्येक मुलीला वेगळे आकडे येतात. शेजारणीचं उत्तर तिच्या कामाचं नसतं. चुकलं की लगेच कळतं, आणि वर्गासमोर लाज जात नाही. ज्या मुलीने दहावीनंतर गणिताचं पुस्तकच उघडलेलं नाही, तिच्यासाठी हे फार मोठं आहे.

पण इथेच पॅकेजची एक मोठी चूक आम्हाला सापडली. गणित असं होतं: 500 मिली सलाईन 6 तासांत द्यायचंय, मिनिटाला थेंब किती? पॅकेज अमेरिकन साहित्यावरून बनवलेलं, त्यात 1 मिलीला 15 थेंब धरले होते. उत्तर येतं 21. मुलींनी ते पाठ केलं. आमच्या वॉर्डात जो सलाईन सेट येत होता त्यावर 1 मिलीला 20 थेंब छापलेलं होतं, म्हणजे उत्तर 28 यायला हवं. 21 थेंबांनी लावलं तर सहा तासांचं सलाईन जवळजवळ आठ तास चालतं. मायक्रो सेट असेल तर 1 मिलीला 60 थेंब, म्हणजे तेच गणित 83 वर जातं. सूत्र तिन्हीकडे एकच आहे. पाकिटावरचा आकडा वाचायचा असतो हे मात्र पॅकेजने मुलींना कधी सांगितलंच नाही, कारण त्याच्या पडद्यावर पाकीट नव्हतं.

इन्सुलिनचं तर याहून गंभीर. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक 40 युनिटचं असतं, म्हणजे 1 मिलीत 40 युनिट, आणि त्यासाठी लाल टोपीची सिरिंज. पेनच्या काडतुसात 100 युनिटचं, आणि 100 युनिटची सिरिंज नारिंगी टोपीची. परदेशी साहित्यात सगळीकडे 100 युनिटच. एखाद्या मुलीने 100 युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20च्या रेघेपर्यंत भरलं, तर ते अर्धा मिली होतं, म्हणजे रुग्णाला 20 ऐवजी 50 युनिट जातात. उलट 40चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये 20च्या रेघेपर्यंत भरलं, तर जातात फक्त 8. पहिल्या चुकीत माणूस शुगर उतरून बेशुद्ध पडू शकतो. हे गणित मी कॉम्प्युटरवर देतेच, पण पडद्यावर कुपीचा आणि दोन्ही सिरिंजांचा फोटो टाकते. आधी कुपीवरचा आकडा टाइप करायचा, मग सिरिंज निवडायची, मग रेघ. यातली एकही पायरी गाळता येत नाही. हे फोटो मी आमच्याच वॉर्डाच्या ट्रॉलीवर मोबाईलने काढलेत, त्याला वीस मिनिटं लागली.

ब्रिटिश साहित्य असेल तर रक्तातली साखर मिलिमोलमध्ये येते. तिथला 5.5 म्हणजे आपला जवळपास 100. आमची एक मुलगी वॉर्डात ग्लुकोमीटरवर 98 बघून धावत आली होती, "मॅडम, शुगर फार वाढलीय." तिच्या पडद्यावर आठवडाभर साखर 5 आणि 6 अशीच येत होती. म्हणून तयार पॅकेज घेणार असाल तर त्यातली एककं, सेट, औषधांची नावं तुमच्या वॉर्डाशी ताडून बघा. संस्थेकडून पैसे जायच्या आधी हे काम तुम्हीच मागून घ्या.

दुसरी जागा आवाजांची. हृदयाचे ठोके, फुप्फुसातली घरघर, रक्तदाब मोजतानाचे कोरोटकॉफ आवाज. वॉर्डात एकाच रुग्णाच्या छातीवर 40 मुलींनी स्टेथोस्कोप लावणं हा त्या माणसावर अन्याय आहे. कॉम्प्युटरवर तोच आवाज शंभरदा ऐकता येतो. फक्त हेडफोन द्या. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर खालच्या सुरातले आवाज उमटतच नाहीत, आणि मग मुलींना वाटतं की आपल्यालाच ऐकू येत नाही.

आता जिथे कॉम्प्युटर थांबतो ती जागा. प्रथम वर्षाची एक मुलगी होती, लॅबमध्ये रक्तदाबाच्या पाठात तिचं एकही उत्तर चुकलं नाही. आवाज सुरू झाला की थांब, गेला की थांब, अगदी नेमकं. दुसऱ्या दिवशी मेडिसिनच्या बायकांच्या वॉर्डात तिला एका आजींचा बीपी घ्यायला सांगितला. वर पंखा खडखडत होता, शेजारच्या खाटेवर नातेवाईक मोठ्याने बोलत होते. आजींच्या चोळीची बाही दंडाला घट्ट. मुलीने बाहीवरूनच कफ, म्हणजे बीपीच्या यंत्राचा पट्टा, गुंडाळला. पारा वर चढवला, काही ऐकू आलं नाही, सोडला. लगेच पुन्हा चढवला. तिसऱ्यांदा चढवायला लागली तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, "पोरी, बोटं बधिर झाली गं." मुलीच्या कपाळावर घाम. मी कफ सोडवला, आजींना विचारून बाही वर सरकवली, हात उशीवर टेकवला, दोन मिनिटं थांबलो. त्या दोन मिनिटांत मुलीला आजींशी बोलायला सांगितलं. मग नाडीवर बोट ठेवून आधी अंदाज घेतला आणि सावकाश, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने, पारा खाली आणला. "आला, मॅडम," ती म्हणाली. आदल्या दिवशी शंभरदा ऐकलेला आवाज तिने तेव्हा खऱ्या अर्थाने पहिल्यांदा ऐकला. तिला तो ओळखता आला तो लॅबमुळेच, हेही तितकंच खरं. पण बाही, पंखा, बधिर झालेली बोटं आणि "आजी, थोडा हात सैल सोडता का?" हे विचारणं, यातलं काहीही पडद्यावर नव्हतं. त्या दिवशी तिच्या शेजारी ट्यूटर नसती, तर तिने घाबरून अंदाजे 120/80 लिहिलं असतं. मॅडम, टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींच्या तक्त्यावर) अंदाजाने लिहिलेले आकडे तुम्हीही पाहिले असतील.

संस्थाचालकांना सांगायचं असेल तर हा प्रसंग सांगा. वाद घालू नका. एखाद्या दिवशी त्यांना वॉर्डात बोलवा आणि पोस्टिंगच्या मुलींच्या मागे पाच मिनिटं उभं राहायला सांगा.

2020 साली लॉकडाऊनमध्ये हे आपण सगळ्यांनी मोठ्या प्रमाणावर अनुभवलंच आहे. मुली घरी, आम्ही मोबाईलवर. कुणी रेंजसाठी घराच्या गच्चीवर, कुणी शेताच्या बांधावर. त्यांनी ॲनाटॉमी शिकली, फार्माकॉलॉजी शिकली, काहींनी तर वर्गात बसून शिकल्या असत्या त्याहून चांगली. परत आल्या तेव्हा कॅथेटर घालण्याच्या पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवायच्या, आणि निर्जंतुक ग्लोव्ह घालताना बाहेरच्या बाजूला उघडा हात लागायचा. त्या मुलींना आम्ही जास्तीचे दोन महिने फाउंडेशन लॅबमध्ये (जिथे डमीवर सराव होतो) आणि वॉर्डात बसवलं तेव्हा हात बसला. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर, रुग्णाला कुशीवर वळवणं, तोंडाची स्वच्छता, मृत्यूनंतर शरीराची काळजी आणि नातेवाइकांशी बोलणं, हे सगळं डेमो, मग मुलीने तेच डमीवर करून दाखवणं (रिडेमो) आणि मग ट्यूटरच्या नजरेखाली रुग्णावर, याच क्रमाने शिकायचं. व्हिडिओचा उपयोग इथेही होतो, पण डेमोच्या आदल्या दिवशी. आदल्या दिवशी व्हिडिओ तीनदा पाहून आलेल्या मुलीला डेमोत पायऱ्या नव्याने सांगाव्या लागत नाहीत, ती हाताकडे बघते. व्हिडिओ मात्र तुमचाच काढा. परदेशी व्हिडिओत सगळं तयार पाकिटातून निघतं, तुमच्याकडे निर्जंतुक साहित्याचा ड्रम आहे, ते उचलायचा चिटल चिमटा आहे, किडनी ट्रे आहे. रुग्ण म्हणून एखाद्या विद्यार्थिनीला किंवा डमीला घ्या. खऱ्या रुग्णाचं चित्रीकरण करू नका, कुणी हो म्हटलं तरी करू नका. खाटेवर पडलेला माणूस सिस्टरला नाही म्हणायला कचरतो.

या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे, आणि माझा सर्वात जास्त जीव तिच्यात आहे: निर्णय घ्यायला शिकवणं. विद्यार्थिनीला वॉर्डात निर्णय घेऊ देता येत नाही, आणि वर्गात तिच्यावर तशी वेळ येत नाही. इथे कॉम्प्युटरवरची केस कामी येते. माझी एक केस सांगते, मिडवाइफरीच्या मुलींसाठी मी स्वतः पॉवरपॉइंटमध्ये बनवलेली. एका स्लाइडवरून दुसरीवर नेणाऱ्या लिंक, एवढंच तंत्र त्यात आहे.

24 वर्षांची बाळंतीण, दुसरं बाळंतपण, नॉर्मल प्रसूती होऊन 40 मिनिटं झालीत. नाडी 96, बीपी 110/70. ती म्हणते, "सिस्टर, घेरी आल्यासारखं होतंय, पाणी द्या ना." मुलीसमोर चार पर्याय: पाणी द्यायचं, बीपी पुन्हा घ्यायचा, डॉक्टरांना फोन करायला जायचं, मदतीला हाक मारून तिथेच पोटावर हात ठेवून गर्भाशय बघायचं. कोणताही पर्याय "चूक" असं म्हणत नाही. पाणी दिलं तर स्लाइड म्हणते, चार मिनिटं गेली, नाडी 112, बीपी 96/60. फोन करायला गेली तर सहा मिनिटं, नाडी 124, बाई उत्तर देत नाही. हाक मारून पोटावर हात ठेवला तर दिसतं की गर्भाशय मऊ आहे, बेंबीच्या वर चढलंय, म्हणजे रक्त जातंय. मग चोळायचं, मूत्राशय भरलेलं आहे का बघायचं, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, सलाईन, रक्त किती गेलं याचा अंदाज. प्रसूतीनंतर अर्धा लिटर रक्त जाणं ही धोक्याची रेघ आहे, हे मुली पुस्तकातून पाठ म्हणत असतात. इथे घड्याळ चालू असताना ते आठवावं लागतं.

ही केस मी दोन मुलींना एका कॉम्प्युटरवर सोडवायला देते, एकटीला कधीच नाही. दोघींचं भांडण होतं आणि त्या भांडणातच शिकणं होतं. "अगं ती पाणी मागतेय, देऊया ना." "आधी बघ तरी का मागतेय ते." सगळ्यांचं झाल्यावर कॉम्प्युटर बंद करून अर्धा तास बोलणं. कुणी कुठला रस्ता घेतला, का घेतला. एका वर्षी या बोलण्यात मी विचारलं, रक्त किती गेलं ते कसं बघितलंत? सगळ्या म्हणाल्या, पॅड बघितलं. मी सांगितलं की लेबर रूममध्ये आमच्या सीनियर सिस्टर पॅड बघून थांबायच्या नाहीत, बाईच्या कमरेखाली हात घालून बघायच्या. रक्त वाहून पाठीखाली साचतं, वरचं पॅड कोरडंच दिसतं. त्या वर्षीपासून केसमध्ये ती स्लाइड वाढली, आणि तरीही कमरेखाली हात घालून बघणं मी डमीवर करून दाखवते.

केसमधली भाषा आपली ठेवा, हे आग्रहाने सांगते. तुमच्याकडच्या मुली बहुतेक मराठी माध्यमातून आलेल्या असणार आणि पाठ्यपुस्तक इंग्रजी. रुग्ण मात्र मराठीतच सांगतो: "छातीत भरून आलंय", "धाप लागतेय", "लघवी कोंडलीय", "अंगावरून फार जातंय", "हातपाय गळाल्यासारखे झालेत". तयार पॅकेजमधला रुग्ण तक्रार इंग्रजी वैद्यकीय शब्दांतच सांगतो, म्हणजे निम्मं निदान त्याने स्वतःच केलेलं असतं. "अंगावरून जातंय" ऐकल्यावर पांढरं की लाल, किती दिवस, गाठी पडतात का, हे विचारायला मुलीला सुचलं पाहिजे. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, कोकणात हे शब्द बदलतात. तुमच्या वॉर्डात बायका काय म्हणतात ते मुलींनाच वहीत टिपायला सांगा आणि त्यातून केस बनवा. माझ्याकडची अशी वही नऊ वर्षांची झाली आहे.

कुणीतरी तुम्हाला असंही सांगेल की परदेशात वॉर्डातले निम्मे तास सिम्युलेशनवर, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी बनवलेल्या प्रसंगांवर, करतात. याचा आधार अमेरिकेतला 2014चा एक मोठा अभ्यास आहे. तिथल्या परिचर्या परिषदांच्या राष्ट्रीय संघटनेने दहा नर्सिंग संस्थांमध्ये तो केला होता आणि क्लिनिकलचे 50 टक्क्यांपर्यंत तास सिम्युलेशनने भरले तरी मुली मागे पडल्या नाहीत असं दिसलं. अभ्यास खरा आहे. पण ते सिम्युलेशन म्हणजे लॅबमध्ये 12 कॉम्प्युटर नव्हेत. तिथे खास प्रशिक्षण घेतलेले शिक्षक होते, बोलणारे-श्वास घेणारे मॅनिकिन होते, आणि प्रत्येक प्रसंगानंतर शिक्षकांबरोबर सविस्तर चर्चा होत होती. म्हणजे माणसं कमी करून ते साधलेलं नाही. त्या अभ्यासाचा हवाला देऊन कुणी ट्यूटर कमी करत असेल तर हे त्यांना सांगा.

आता तुमचे 12 कॉम्प्युटर. 40 मुलींच्या 20-20च्या दोन बॅच करा. एका मशीनवर दोघी, म्हणजे 10 मशीन पुरतात आणि दोन बिघाडासाठी राखीव राहतात. एखाद-दुसरं बंद असतंच. एक बॅच लॅबमध्ये, दुसरी त्याच वेळी फाउंडेशन लॅबमध्ये तुमच्यासोबत डेमोला. तासाभराने अदलाबदल. 40 मुलींना एकदम डेमो दाखवला तर मागच्या वीसजणींना तुमची पाठच दिसते. वीसच्या बॅचला हात दिसतो. कॉम्प्युटरने तुम्हाला दिलेला पहिला फायदा हाच असेल.

नेट जातं म्हणून अडू नका. मूडल नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ते लॅबमधल्या एकाच मशीनवर बसवून बाकीची मशीन केबलने जोडली की नेट नसतानाही चालतं. त्यात प्रत्येकीला वेगळे आकडे देणारा गणिताचा प्रश्नप्रकार आहे, थेंबांसाठी आणि इन्सुलिनसाठी मी तोच वापरते. बसवून द्यायला गावातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला किंवा जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजातलं एखादं पोरगं दोन दिवसांत मदत करतं. पॅकेजला जे पैसे लागणार होते त्यातून 24 हेडफोन, एक यूपीएस आणि एक चांगलं सीपीआरचं डमी येऊ शकेल का, हा हिशेब संस्थेपुढे मांडून बघा. सीपीआरमध्ये मिनिटाला 100 ते 120 दाब आणि छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली, हे आकडे कॉम्प्युटर शिकवेल. तेवढं दाबताना स्वतःचे मनगट आणि कंबर किती दुखते हे डमीच शिकवेल.

लॅब आणि वॉर्ड यांत अंतर किती, हे वेळापत्रक बनवताना सगळ्यात आधी बघा. ऑक्सिजन थेरपीचा पाठ जूनमध्ये आणि मेडिसिनची पोस्टिंग ऑक्टोबरमध्ये असेल तर पाठ वाया गेला. आमच्याकडे नियम आहे की लॅबमध्ये केलेली गोष्ट दोन दिवसांच्या आत वॉर्डात बघायची किंवा करायची, आणि आठवड्याने त्यावर पाच प्रश्न. ते पाच प्रश्न गुणांसाठी नाहीत. 2006 साली रोएडिगर आणि कारपिकी या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की मजकूर पुन्हा वाचणाऱ्या मुलांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ती पुढे असतात. माझ्या मुलींमध्ये मी हे दरवर्षी बघते. त्या म्हणतात, "मॅडम, एकदा वाचू द्या ना." मी म्हणते, आधी लिहा, मग वाचा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि इथे बसून मी त्या ठरवू शकत नाही. तुमच्या रुग्णालयात रुग्ण भरपूर असतील तर कॉम्प्युटर तयारीपुरताच ठेवा. खाटा रिकाम्या असतील, महिन्यात चार-पाचच प्रसूती होत असतील, तर पडद्यावरच्या केस जास्त लागतील आणि शिवाय जिल्हा रुग्णालयात पोस्टिंग मिळवावी लागेल. मुलींना टाइप करायची सवय नसेल तर पहिले तीन आठवडे फक्त तेवढंच करा, नाहीतर ज्या मुलीचं गणित बरोबर आहे ती माऊस धरता येत नाही म्हणून मागे पडते. मागच्या वर्षी बीडकडची एक मुलगी अशीच मागे पडत होती. शेजारणीने तिला आठ दिवसांत तयार केलं.

तयार पॅकेज घ्यायचंच ठरलं, तर विक्रेत्याला डेमोसाठी तुमच्या लॅबमध्ये, दुपारी, नेट गेलेलं असताना बोलवा. प्रश्न बदलता येतात का, मराठीत टाकता येतात का, प्रत्येक मुलीला वेगळे प्रश्न येतात का, मुलगी कुठे अडली ते ट्यूटरला दिसतं का, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरावे लागतात का, एवढं विचारा. पहिल्या चारांत दोनदा "नाही" आलं तर घेऊ नका.

थोडक्यात तुमच्यापुरतं सांगायचं तर: गणित आणि आवाज कॉम्प्युटरवर, केस दोघींत मिळून कॉम्प्युटरवर पण चर्चा तुमच्यासोबत, हाताचं काम आणि रुग्णाशी बोलणं लॅबमध्ये आणि वॉर्डात. ट्यूटर कमी करण्याबद्दल लेखी काही आलं तर उत्तरात वाचलेल्या तासांचं वॉर्डातलं वेळापत्रकच जोडून द्या: कोणत्या दिवशी, कोणत्या वॉर्डात, किती मुलींमागे कोणती ट्यूटर. रिकामा दिसणारा तास त्यात भरलेला दिसतो.

सुरुवात सलाईनच्या थेंबांपासून करा. त्यासाठी पॅकेज लागत नाही, नेट लागत नाही, आणि परिणाम पंधरा दिवसांत दिसतो. सोमवारी लॅबमध्ये वीस गणितं. मंगळवारी वॉर्डात प्रत्येकीने एका रुग्णाच्या सलाईनचे थेंब घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे आणि फाइलवरच्या ऑर्डरशी ताडून बघायचे. आणि सोमवारी गणितं सुरू करायच्या आधी वॉर्डातून सलाईन सेटची दहा रिकामी पाकिटं आणून प्रत्येक मशीनशेजारी एक ठेवा. 1 मिलीला किती थेंब, ते मुलींनी पाकिटावरून वाचून पहिल्या चौकटीत भरायचं.